आधी देश सांगा

सकाळी साडेआठ

शटर वर केलं की पहिलं काम पडदा पुसण्याचं. पडदा पांढरा आहे, पण नुसता पांढरा असून भागत नाही. आदल्या दिवशी कुणीतरी त्याला टेकलेलं असतं, खालच्या कडेला चपलांची धूळ बसलेली असते, मध्येच एखादी सुरकुती पडलेली असते. डोळ्यांना ती दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. मग दिवसभर प्रत्येक फोटोत ती खोडत बसायची. त्यापेक्षा सकाळी पाच मिनिटं ओलं फडकं फिरवलेलं बरं.

आमचं दुकान दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पाचेक मिनिटांवर. स्टुडिओ सासऱ्यांच्या वेळचा. आता तो मी सांभाळते आणि हाताखाली एक मुलगा आहे, जो मला काकी म्हणतो आणि गिऱ्हाइकांशी ‘सर, हनुवटी खाली’ एवढंच बोलतो. फुलबाजारातून आमच्यापर्यंत येताना ‘अर्जंट पासपोर्ट फोटो’च्या पाट्या जागोजागी लागतात. झेरॉक्सवाल्याकडे आहे, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याकडे आहे, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याकडे आहे. सगळ्यांकडे कॅमेरा आहे, प्रिंटर आहे, कटर आहे. फोटो कुठे काढावा हा प्रश्न लोकांना पडतो तो एकदा फोटो परत आल्यावर. तोवर जिथे रांग कमी तिथे शिरायचं, अशीच रीत आहे.

पडद्यानंतर दिवे. दोन सॉफ्टबॉक्स, दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या किंचित वर. जमिनीवर काळ्या टेपची पट्टी मारलेली आहे, गिऱ्हाइकानं तिच्यावर उभं राहायचं. ती पट्टी पडद्यापासून चार फूट पुढे आहे आणि आमच्या धंद्याचं निम्मं शहाणपण या चार फुटांत आहे. माणसाला पडद्याला चिकटवून उभं केलं की कानामागे काळी सावली पडते. मग ती काँप्युटरवर पुसावी लागते, पुसताना कानाची कड जाते, केसांभोवती कात्रीनं कापल्यासारखी रेघ येते. व्हिसाच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला ती रेघ लांबूनही कळते. दुकान लहान असलं की हे चार फूट मिळत नाहीत, त्याला दुकानदाराचा इलाज नसतो. पण फोटो काढायला आत शिरलात तर आधी एवढंच बघा, तुम्हाला कुठे उभं करतायत.

मुलगा पट्टीवर उभा राहतो, मी एक फोटो काढून बघते. प्रिंटरची रिबन किती उरली आहे ते बघते. दिवस सुरू.

सव्वानऊ

पहिलं गिऱ्हाईक नेहमीसारखंच चुकीच्या कामाला आलेलं. नवरा-बायको, हातात फाइल, लोअर परळच्या पासपोर्ट सेवा केंद्रात साडेदहाची अपॉइंटमेंट. ‘ताई, दोघांचे आठ-आठ फोटो, पटकन.’

त्यांना सांगितलं, फोटो नकोत. पासपोर्टचा फोटो केंद्रातच काढतात, ए काउंटरवर, बोटांचे ठसे घेतात त्याच वेळी. मोठ्या माणसांनी फोटो नेला तरी तो कुणी घेत नाही. फक्त पांढरा शर्ट घालून जाऊ नका, कारण मागे पांढरंच असतं आणि खांदे नाहीसे होतात. नवऱ्यानं स्वतःच्या पांढऱ्या शर्टाकडे बघितलं, बायकोनं त्याच्याकडे. नऊ वाजून गेलेले, दादरची दुकानं अजून अर्धी बंद. शेवटी रस्त्यावरच्या टी-शर्टवाल्याकडून त्यांनी निळा टी-शर्ट घेतला आणि आमच्याच पडद्यामागे बदलला.

हाताखालचा मुलगा वैतागतो, काकी, चारशे रुपये गेले. गेले तर गेले. पण ज्याला ‘पासपोर्ट फोटो’ म्हणून आम्ही सगळे विकतो, तो या शहरात पासपोर्ट सोडून बाकी सगळ्यासाठी लागतो, हे गिऱ्हाइकाला सांगायचं कुणी? आधारचा फोटो आधार केंद्रात काढतात. लायसन्सचा आरटीओत. ब्रिटनच्या व्हिसाचा व्हिसा केंद्रात. स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेला तर आता अर्ज भरतानाच जागेवर फोटो घेतात, घरून काढलेला चालत नाही. ‘कशासाठी हवाय?’ असं न विचारता जो थेट कॅमेरा उचलतो, त्याच्याकडे मी स्वतः फोटो काढणार नाही.

दहा ते अकरा

किरकोळ. सोसायटीच्या फॉर्मला दोन. बँकेच्या केवायसीला दोन. एका आजोबांना लोकलच्या पासाच्या ओळखपत्रासाठी एक, तोही ‘पाचच मिनिटांत द्या, अकराची गाडी आहे’. असल्या कामाला कोणतंही दुकान चालतं आणि मी तसं सांगतेही. बँकेत चेहरा ओळखू आला की काम झालं. त्यासाठी कुणी दादरपर्यंत येऊ नये. घराखालचा झेरॉक्सवाला पुरेसा आहे.

अकरा

आता जे आलं ते खरं काम. सहा महिन्यांचं बाळ, आई, आणि सोबत बाळाची आजी.

पासपोर्टला फोटो लागत नाही म्हटलं, त्याला हा एक अपवाद. चार वर्षांच्या आतल्या मुलाचा फोटो घरूनच न्यावा लागतो, साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, मागे पांढरं. नियम सोपा आहे, मूल सोपं नाही. बसवलं तर मान एका बाजूला जाते. आईनं धरलं तर तिचा हात दिसतो, आणि हात दिसला की फोटो बाद. आईच्या अंगावर पांढरी चादर टाकून तिच्या मांडीवर बाळ बसवणारे स्टुडिओ आहेत, पण चादरीला घड्या पडतात आणि आईच्या गुडघ्यांचे उंचवटे दिसतात.

आम्ही खाली गादी घालतो, तिच्यावर पांढरी चादर ताणून बसवतो, बाळाला उताणं झोपवतो आणि मी स्टुलावर चढून वरून फोटो घेते. दिवे बाजूला कमी करून ठेवावे लागतात, नाहीतर बाळ दिव्याकडेच बघत राहतं. मग सुरू होतो तमाशा. मुलगा माझ्या खांद्यामागून किल्ल्यांचा जुडगा वाजवतो. आई टाळ्या वाजवते. आजी ‘बाळा, इकडे, इकडे’ करत पुढे येते आणि तिची सावली चादरीवर पडते.

‘आजी, तुम्ही थोड्या मागे.’

‘मी नाही दिसले तर तो रडतो.’

‘रडू दे. रडून झालं की एक क्षण गप्प बसतो, तोच मला हवाय.’

आणि तसंच होतं. रडणं आवरताना मुलाचं तोंड मिटतं, डोळे मोठे होतात, नजर समोर येते. तेवढ्यात दोन-तीन फोटो घ्यायचे. तोंडात चोखणी नको, डोक्यावर टोपी नको, कपाळावरची तीट? आजीनं लगेच विचारलं. गालावरची मोठी काळी तीट पुसा म्हटलं, कपाळाला एवढीशी असली तर राहू दे. आजीनं दोन्ही पुसल्या आणि बाळाच्या तळपायाला एक लावून दिली. फोटोत तळपाय येत नाहीत.

बाळाच्या फोटोसाठी मात्र दुकान निवडायचंच असेल तर एकच विचारावं: झोपवून काढता का? ज्यांच्याकडे गादी नाही त्यांच्याकडे अर्धा तास जाईल आणि मूल दमेल. ती सोय नसली तर घरीच पांढऱ्या चादरीवर, खिडकीच्या उजेडात, मोबाइलनं काढा आणि फक्त प्रिंट आमच्याकडे मारा. काही बिघडत नाही. सकाळी अकराचा उजेड आमच्या सॉफ्टबॉक्सहून चांगला असतो.

साडेबारा

क्लास सुटले. मार्च महिना, नीटचे अर्ज, त्यामागून बाकी प्रवेशपरीक्षा. पोरं चार-चारच्या घोळक्यानं येतात, प्रत्येकाच्या मोबाइलवर सूचनांची पीडीएफ उघडलेली असते आणि वाचलेली कुणीच नसते. नीटला पासपोर्ट साइजबरोबर पोस्टकार्ड साइजही लागतो, चार बाय सहा इंचांचा, दोन्ही कान दिसले पाहिजेत. मुलींचे केस मागे घ्यायला सांगितले की चेहरे पडतात. बँकेच्या परीक्षेचा अर्ज असला तर कागद नकोच, फक्त फाइल हवी, दोनशे बाय दोनशे तीस पिक्सेल, वीस ते पन्नास केबी. यूपीएससीनं गेल्या काही वर्षांत फोटोवर नाव आणि तारीख मागितली, तेव्हापासून ‘नाव टाकून देता का’ म्हणणारेही येतात.

भिंतीवर खिळ्याला काळा कोट टांगलेला आहे, शेजारी आरसा, कंगवा आणि पावडरचा डबा. कंगवा रोज धुते. कोट एकाच मापाचा, मोठ्या मापाचा. बारीक मुलांना तो पाठीमागून कपड्याच्या चिमट्यांनी आवळतो. समोरून साहेब, मागून दोरीवर वाळत घातलेला. इंटरव्ह्यूला जाणारी मुलं तो घालून आधी स्वतःच मोबाइलवर एक फोटो काढून घरी पाठवतात.

एक मुलगा म्हणाला, ‘आंटी, हे अॅपवर फुकट होतं.’ होतं, बाळा. परीक्षेच्या अर्जाला अपलोड करायचं असेल तर घरची पांढरी भिंत आणि मित्राचा मोबाइल पुरतो. फक्त सेल्फी नको. हात लांब करून जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं, कान मागे जातात. मित्राला पाच-सहा फूट लांब उभा कर आणि झूम कर. हे सांगितलं म्हणून तो उठून गेला नाही. उन्हातून आला होता, इथे पंखा होता.

दीड

डबा. दुकान बंद ठेवत नाही, फक्त अर्धं शटर. जेवताना सासूबाईंचा फोन आला, त्यांना जुना दादर आठवला की त्या फोन करतात. सासरे असताना पासपोर्टचे फोटो आज काढले तर परवा मिळायचे, कृष्णधवल, आणि रीळ भरेपर्यंत थांबावं लागायचं. घाईवाल्यांसाठी नंतर चार भिंगांचा पोलरॉइड आला, एका दणक्यात चार फोटो, मिनिटभर कागद सोलायची वाट बघायची. पोलरॉइडनं २००८ साली ती फिल्म बंद करायची घोषणा केली आणि तोवर डिजिटल आलंच होतं. एकेकाळी लोक फोटोवाला बघून स्टुडिओ निवडायचे. बॅलार्ड इस्टेटमधला १९२८ सालचा हॅमिल्टन स्टुडिओ, किंवा इथे दादरलाच जे. एच. ठक्करांचा इंडिया फोटो स्टुडिओ, जिथे सिनेमातले तारे उभे राहिले. तिथे दिवा कुठून मारायचा ही कला होती. आमच्या फोटोत कला दिसली तर तो नापास होतो. एका बाजूनं सावली, अर्धं हसू, वळलेली मान, हे सगळं तिथे देखणं आणि इथे बाद.

अडीच

एक बाई आल्या, पन्नाशीच्या, रागावलेल्या. फ्रान्सला मुलीकडे जायचं आहे, व्हिसा केंद्राच्या खिडकीवर फोटो परत केला. कारण सांगितलं ते ‘स्पेसिफिकेशनमध्ये नाही’. बस्स, एवढंच. काय नाही ते सांगायला त्या खिडकीवरच्या मुलाला वेळ नव्हता. आतल्या बूथवर काढा म्हणाला, तिथला भाव ऐकून त्या बाहेर पडल्या आणि तडक दादरला.

परत आलेला फोटो मी टेबलावर ठेवला आणि त्यावर पारदर्शक पट्टी ठेवली. ही पट्टी म्हणजे प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर बारीक रेघा मारलेल्या. युरोपच्या शेंगेन व्हिसाला फोटो पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर, त्यात हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंत बत्तीस ते छत्तीस मिलिमीटर. बाईंचा चेहरा पंचवीस भरला. म्हणजे फोटोवाल्यानं कॉलेजच्या ओळखपत्रासारखा छातीपर्यंतचा फोटो काढला होता. वर चष्म्याच्या काचेत दिव्याचा पांढरा चौकोन, बरोबर डाव्या बुबुळावर. आणि चेहरा इतका उजळ केलेला की नाकाच्या दोन भोकांखेरीज नाकाचा पत्ता नाही.

‘गोरं करा असं मी नव्हतं हो सांगितलं,’ त्या म्हणाल्या. त्यांनी सांगितलं नसेल. पण सांगणारे इतके आहेत की काही दुकानांत ते बटण सांगण्याआधीच दाबतात.

पुन्हा उभं केलं. चष्मा काढायला लावला. शेंगेनला चष्मा चालतो, पण काचेत चमक नको, फ्रेम डोळ्यांवर नको, इतक्या अटी पाळण्यापेक्षा काढलेला बरा. अमेरिकेला तर १ नोव्हेंबर २०१६पासून चष्मा चालतच नाही. टिकली राहू दे, चमकी राहू दे, चेहरा झाकत नाहीत. केस कपाळावरून मागे. ओठ मिटलेले.

‘हसू नको?’

‘नको.’

‘मग मी चिडलेली दिसेन.’

‘आत्ता आहातच ना.’

त्यावर त्या हसल्या, तो फोटो वाया गेला. त्यानंतरचा बरोबर आला. प्रिंट काढायच्या आधी मी स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवते, पट्टी स्क्रीनवर धरून दाखवते. ज्या दुकानात स्क्रीन तुमच्याकडे वळवत नाहीत तिथे तुम्ही फोटो पहिल्यांदा बघता तो कापलेला, पाकिटात घातलेला, पैसे देऊन झालेला.

आतल्या बूथचा भाव जास्त असतो हे खरं. पण मी त्याची निंदा करणार नाही. अपॉइंटमेंट अर्ध्या तासावर आहे, फोटो परत आलाय, अशा वेळी बाहेर टॅक्सी शोधत फिरू नका, तिथेच काढा. तिथल्या माणसाला दिवसभर तेच एक माप काढायचं असतं, चुकायला वावच कमी. महाग आहे म्हणून वाईट आहे असं नाही. पण सगळ्या कुटुंबाचे पाच जणांचे तिथे काढायचे ठरवून जाणं म्हणजे खिसा उलटा करणं.

साडेतीन

मापांचा तास. कसा कोण जाणे, पण वेगवेगळ्या देशांचे लोक दुपारीच येतात.

चीनला माल आणायला जाणारा व्यापारी: तेहतीस बाय अठ्ठेचाळीस मिलिमीटर. हे माप ऐकून पुष्कळ दुकानदार ‘सेमच आहे’ म्हणून पस्तीस-पंचेचाळीस कापून देतात. सेम नाही. अमेरिकेचं दोन इंच बाय दोन इंच, चौकोनी, त्यात डोकं पंचवीस ते पस्तीस मिलिमीटर. ऑनलाइन फॉर्मला त्याचीच फाइल, सहाशे पिक्सेलपासून बाराशेपर्यंत चौकोनी आणि २४० केबीच्या आत. आता अमेरिकेच्या व्हिसाला बीकेसीतल्या केंद्रात ठशांबरोबर फोटोही घेतातच, पण चौदा वर्षांखालच्या मुलांना ठशांना जावं लागत नाही, आई-वडील कागद नेऊ शकतात, तेव्हा मुलाचा फोटो बरोबर लागतो. ते माहीत नसल्यामुळे लोक ठशांच्या दिवशीही मुलांना शाळा बुडवून बीकेसीला घेऊन जातात.

कॅनडावाल्यांचं वेगळंच. नागरिकत्वाच्या, पासपोर्टच्या फोटोचं माप पन्नास बाय सत्तर आणि मागच्या बाजूला स्टुडिओचं नाव, पत्ता आणि फोटो काढल्याची तारीख. आमच्याकडे त्यासाठी रबरी शिक्का आहे, सासऱ्यांच्या वेळचा, त्यावर ‘मुंबई’च्या जागी अजून ‘बॉम्बे’ आहे म्हणून मी नवा करून घेतला. जुना ठेवलाय, वापरत नाही. शिक्का मारताना शाई जास्त झाली तर ती पुढे झिरपते आणि कपाळावर जांभळा डाग येतो. म्हणून आधी रद्दीवर एकदा मारायचा, मग फोटोवर, मग पंख्याखाली वाळवायचा. मोबाइल कव्हरवाल्याकडे हा शिक्का नसतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याला कुणी मागितलाच नाही.

एक मुलगी दुबईहून आलेली, चिपळूणला शिमग्याला गेली होती, रात्रीचं विमान. तिचा भारतीय पासपोर्ट तिकडूनच रिन्यू व्हायचा आहे. परदेशातल्या भारतीय वकिलातींनी १ सप्टेंबर २०२५पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमातला फोटो मागायला सुरुवात केली: सहाशे तीस बाय आठशे दहा पिक्सेल, चेहऱ्यानं फोटोचा ऐंशी ते पंच्याऐंशी टक्के भाग व्यापलेला, मागे पांढरं, आणि काँप्युटरवर काहीही खाडाखोड नाही. म्हणजे ती कानामागची सावली पुसायचीही सोय राहिली नाही. जे काही नीट करायचं ते क्लिक करायच्या आधी. तिच्या गळ्यात, केसांत अजून गुलाल होता. पुसला, तरी कपाळाच्या वरच्या कडेला लाल छटा उरली. तिला दुकानाच्या मागच्या नळावर पाठवलं. ओल्या केसांना टॉवेल, पुन्हा पावडर नाही, कारण पावडर दिव्यात पांढरी मारते.

अमेरिकेतून सुट्टीवर येणारेही असेच सगळ्या घराचे फोटो इथे काढून नेतात. तिकडे औषधांच्या दुकानात दोन फोटोंना सोळा-सतरा डॉलर पडतात म्हणे आणि बाळाला झोपवायला कुणी गादी घालत नाही. फक्त एक सांगावं लागतं, सहा महिन्यांच्या आतला फोटो लागतो. दोन वर्षांचा साठा करून नेण्यात अर्थ नाही.

साडेपाच

चहा. रिबन बदलली. शेजारच्या फॉर्मवाल्यानं एक गिऱ्हाईक पाठवलं आणि मी त्याच्याकडे दोन फॉर्म पाठवले. असंच चालतं.

साडेसहा ते साडेआठ

दादरला संध्याकाळी जे होतं ते आमच्याकडेही होतं. लोकल भरभरून येतात, ऑफिसचे लोक उतरतात, भाजी घेतात आणि जाता जाता फोटो. या दोन तासांत कोण कशासाठी आलंय हे विचारायला वेळ काढणं कठीण जातं आणि नेमक्या याच वेळी ते विचारणं सगळ्यात गरजेचं असतं, कारण दमलेला माणूस ‘पासपोर्ट साइज’ एवढंच सांगतो. तो सांगतो तेच काढून दिलं तर त्याची काही तक्रार नसते. तक्रार येते पंधरा दिवसांनी, खिडकीवर.

व्हॉट्सअॅपवरचे फोटो सुरू होतात. ‘हा बघा, लग्नातला आहे, बॅकग्राउंड काढून टाका.’ लग्नातल्या फोटोत दिवा डोक्यावरून मारलेला असतो, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या असतात, मान वळलेली असते. बॅकग्राउंड गेलं तरी लग्न जात नाही. तरी कॉलेजच्या आयडीला, सोसायटीच्या फॉर्मला करून देते. व्हिसाला विचारलं तर नाही म्हणते. एका गिऱ्हाइकानं ऐकवलं, ‘पुढचा करून देतो.’ देतो, माहीत आहे. त्याच्याकडे जा म्हटलं. तो गेला आणि वीस मिनिटांनी परत आला. त्या पुढच्यानंही विचारलं होतं, कुठला देश. मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही, कारण आता तो पण मुरला.

एका बाईंना वडिलांचा फोटो हवा होता, पेन्शनच्या कागदाला, वडील घरी अंथरुणावर. त्यांना समजावलं की पाठीला उशी लावा, मागे पांढरी चादर भिंतीला टाचून ताणून घ्या, दिवसा खिडकीकडे तोंड करून बसवा आणि मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरा. वरून धरला तर कपाळ मोठं येतं. फोटो पाठवला की प्रिंट मारून ठेवते. त्यांनी पैसे विचारले, साध्या कॉपीचेच लागतील म्हटलं.

पावणेनऊ

शटर अर्धं खाली होतं तेव्हा एक गृहस्थ वाकून आत आले. उद्या सकाळी जर्मनीच्या व्हिसाची अपॉइंटमेंट, बिझनेस मीटिंग, फोटो राहून गेला. चौकटीचा शर्ट, खिशाला पेन.

‘जुना पासपोर्ट दाखवा,’ मी म्हटलं. मागच्या शेंगेन व्हिसावर हाच चौकटीचा शर्ट.

‘दुसरा शर्ट आहे?’

‘का? हा लकी आहे. मागच्या वेळी याच शर्टात व्हिसा मिळाला.’

‘खिडकीवर बसलेला माणूस दोन्ही फोटो शेजारी धरतो. त्याला वाटेल जुनाच फोटो चिकटवलाय.’

ते विचारात पडले. शर्ट बदलायची तयारी नव्हती. मुलानं खिळ्यावरचा कोट काढला, मी वरचं बटण लावलं, कॉलर आत दडवली. आत लकी शर्ट, वर आमचा कोट, पाठीला चिमटे. चेहरा चौतीस मिलिमीटर भरला. डोळे उघडे, ओठ मिटलेले. प्रिंटरमधून शीट पंधराएक सेकंदांत बाहेर आली, चार बाय सहा इंची कागद, त्यावर आठ चेहरे.

‘मला दोनच लागतात. दोनाचे पन्नास घ्या.’

‘कागद आठांचाच निघतो, दादा.’

‘मग बाकीचे सहा तुम्ही ठेवा. पुढच्या वर्षी इटलीला जायचंय, तेव्हा घेईन.’

‘पुढच्या वर्षी चालणार नाहीत. सहा महिन्यांच्या आतला लागतो.’

‘तेव्हाही हाच कोट घालीन, कुणाला कळतंय?’

‘तेच तर मघाशी सांगत होते.’

त्यांनी दोनशे रुपये मोजले, आठही फोटो घेतले आणि वाकून शटरखालून बाहेर पडले. मुलगा त्यांच्या मागे धावला. पाठीला लावलेले चिमटे कोटासकट तसेच चालले होते.